बाराशे तितर

माझ्या हिशेबात चूक नव्हती. गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता आणि साफ प्रतीवर एकही खाडाखोड नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मुन्शी कच्चा होता. मुन्शी कच्चा नव्हता. बीडच्या मदरशात गणितात माझ्यापुढे कुणी नव्हतं, आणि उर्दू तर वडिलांनी कचेरीबाहेर अर्ज लिहिता लिहिता मला बसल्या जागी शिकवली होती. त्या जोरावर निजाम सरकारच्या जंगल महकम्यात मला मुन्शीची जागा मिळाली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे जंगल खात्याचे जिल्ह्यातले मुख्य, विलायतेत शिकून आलेले. ते वाईट नव्हते, आणि हे लिहिताना मला राग येतो. ते वाईट असते तर सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो. ते शिपायावरसुद्धा ओरडत नसत. त्यांना एकच खोड होती, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही.

चौसाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर एक सरकारी कुरण होतं. गुरांना बंदी, त्यामुळे कमरेइतकं गवत, मधूनमधून बोरी आणि हिवराची झाडं. तिथे तितर बरेच. थंडी सरता सरता हैदराबादेहून बडे पाहुणे शिकारीला यायचे होते आणि सगळा बंदोबस्त आमच्या साहेबांकडे आला होता. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"मुन्शीजी, कुरणात तितर किती आहेत?"

"पाटील म्हणतो लई हायेत, हुजूर."

"लई म्हणजे किती? मला आकडा हवा. किती मारले तर पुढच्या साली पुन्हा तेवढेच भरून येतील, ते मला ठरवायचंय. आंधळेपणानं गोळ्या झाडू देणार नाही मी."

मग त्यांनी शिपायाला सांगून घोड्याच्या खुराकातली हरभऱ्याची पिशवी आणवली. त्यातले शंभर दाणे मोजून काढले, मला दौतीतली शाई लावायला लावली, वाळवले आणि परत पिशवीत टाकून पिशवी चांगली हलवली. मग मूठभर दाणे बाहेर काढले. मुठीत शाईचे किती आणि कोरे किती ते मोजलं. मुठीत दर वीस दाण्यांमागे एक शाईचा, म्हणजे पिशवीतही दर वीस दाण्यांमागे एक शाईचा. शाईचे शंभर, तेव्हा एकूण दोन हजारांच्या आसपास. "समुद्रातले मासे तिकडे असेच मोजतात," ते म्हणाले. "काही पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा पकडायचे."

मी ती पिशवी व्हरांड्यात नेली आणि सगळे दाणे एकेक करून मोजले. दुपार गेली. उत्तर साहेबांच्या आकड्याच्या इतकं जवळ आलं की मी हरखून गेलो. माझ्या सबंध नोकरीत तसा आनंद मला पुन्हा झाला नाही. हरभऱ्याच्या दाण्याला हाताची भीती नसते, हे तेव्हा साहेबांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

तितर पकडायचे तर पारधी हवा. कुरणाच्या कडेला ओढ्यापाशी एका पारध्याचं पाल होतं. नवरा, बायको आणि तीन लेकरं. आधीच्या एका जंगल अधिकाऱ्यानं त्याला तोंडी परवानगी दिलेली, तिच्यावर तो वर्षानुवर्षं तिथे ससे-तितर धरून जगत होता. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्या काळी कचेरीतला कुणीही पारध्याला अहो म्हणत नसे. मी वेगळा नव्हतो.

कामात मात्र तो माझा उस्ताद होता. घोड्याच्या केसांचे बारीक फासे ओळीनं एका दोरीला बांधलेले. ती दोरी तो गवतातल्या पायवाटांवर आडवी लावी आणि मागे पिंजऱ्यात आपला पाळलेला तितर ठेवी. पाळलेला ओरडला की रानातले त्याच्यावर चालून येत आणि पाय फाशात अडके. पारधी हलक्या हातानं पाखरू सोडवून मला देई. मी त्याच्या डाव्या पायाच्या मधल्या बोटाचं नख कातरून वहीत एक रेघ मारी आणि सोडून देई. पाखरू हातात थरथरायचं. छातीचे ठोके माझ्या बोटांना लागायचे. त्याचा मी कधी विचार केला नाही, कारण वहीत थरथरीसाठी रकाना नव्हता.

आठ सकाळी मिळून साठ तितर खुणेचे झाले. वीस दिवस थांबलो, म्हणजे ते बाकीच्यांत मिसळतील, पिशवी हलवल्यासारखे. मग पुन्हा फासे लावले. पहिल्या सकाळी सात सापडले, सातही कोरे. दुसऱ्या सकाळी नऊ, त्यात एक खुणेचा. तिसऱ्या सकाळी पारधी फासे गुंडाळता गुंडाळता थांबला.

"मुन्शीजी, ह्यो हिशेब बसायचा न्हाई."

"कावून?"

"ज्येला एकडाव फासा लागला, त्यो तितर फाशाकडं फिरकत न्हाई. लांबून वळसा घेतो. तुमी सारे नवेच धरताव, आन म्हनताव बगा कितीक नवे हायेत."

"मग तुझ्या मते किती असतील?"

त्यानं बोटांवर काहीतरी घातलं. डोंगराकडची टोळी, ओढ्याकडची, हिवराखालच्या दोन, अशी एकेक टोळी तो माणसांच्या घरांसारखी सांगत गेला. "तीनशे. लई झालं तर आनिक पंचवीस. रोज सकाळी त्यांचं बोलनं ऐकतो मी. कोन कुटं बसतंय ते ठावं हाय मला."

मला त्याचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं. ही गोष्ट मी पुढे कितीदा तरी स्वतःपासून लपवायचा प्रयत्न केला, म्हणून इथे उघड लिहितो. खुणेचे तितर फाशाला टाळत असतील तर मुठीत शाईचे दाणे कमी येणार. ते कमी आले की एकूण आकडा फुगणार. यात अवघड काहीच नव्हतं.

पण साहेब रोज विचारत होते, हिशेब कुठवर आला. त्यांनी वर लिहून कळवलं होतं की आमच्या जिल्ह्यात एक नवीच रीत चालू झाली आहे. माझी हैदराबादेला शिफारस करण्याचंही ते बोलले होते. आणि समोर कोण, तर अंगठाबहाद्दर पारधी. मी म्हणालो, "तू फासे लाव. हिशेब माझ्याकडे."

"बरं," तो म्हणाला आणि फासे लावायला गेला.

दुसऱ्या खेपेलाही साठ धरले. त्यांत खुणेचे तीन. म्हणजे विसांत एक. साठाला विसानं गुणलं, बाराशे.

कच्च्या कागदाच्या तळाशी मी एक ओळ लिहिली होती, "मुकामी पारध्याचं म्हणणं आहे की एकदा धरलेलं पाखरू पुन्हा सापडत नाही, सबब आकडा जास्त असू शकेल." साफ प्रत करताना मी ती ओळ गाळली. शाई संपली नव्हती, कागदावर जागाही होती. मी बोरू क्षणभर वर धरला आणि खाली सरळ दस्तखत केलं.

साहेबांनी बाराशेंचा तिसरा हिस्सा, म्हणजे चारशे तितर मारायची मंजुरी दिली. जास्त नाही, तिसराच हिस्सा. त्यांना त्यात आपली दया दिसत होती.

पाहुणे आले. तंबू लागले, गवतातून पाखरं उठवायला आसपासच्या गावांतून माणसं हाक्याला धरून आणली. पाच दिवस कुरणात बंदुका वाजत होत्या. पहिले तीन दिवस पाखरांचे ढीग पडले. पारध्याची बायको खानसाम्याजवळ बसून पिसं उपटत होती. चौथ्या दिवशी ढीग लहान झाला. पाचव्या दिवशी हाकेवाले गवत तुडवून थकले आणि हाती पाच-सहा पाखरं लागली. सगळी बेरीज दोनशेवीस. पाहुण्यांतला एकजण साहेबांना हसून काहीतरी बोलला. साहेब हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाराशे थे ना, मुन्शीजी?"

"जी हुजूर."

महिन्याभरानं त्यांनी पुन्हा मोजणी लावली. चार सकाळी फासे लावून अकरा तितर सापडले, खुणेचा एकही नाही. शाईचा दाणाच हाती आला नाही तर भागायचं कशानं? मी रकाना कोरा ठेवला. साहेबांनी मग साधी वजाबाकी केली.

"बाराशेतून दोनशेवीस गेले. नऊशेऐंशी राहायला हवेत. कुठे आहेत?"

ते कधी नव्हतेच, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मालूम नहीं, हुजूर."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. मग हळूच म्हणाले, "कुरणात राहतं कोण? आणि तितर धरता कुणाला येतात?"

त्यांनी नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी शिपाई पालावर गेले. तिथे त्यांना फासे सापडले, ज्या फाशांनी मी मोजणी केली होती तेच. पिंजऱ्यातले दोन पाळलेले तितर सापडले. आणि पालामागे पिसांचा ढीग सापडला. पाहुण्यांच्या शिकारीची पिसं त्याच्या बायकोनं अंथरुणात भरायला आणून ठेवली होती. पंचनाम्यात एवढंच आलं, "तितरांची पिसं, अंदाजे एक पोतं."

बीडच्या अदालतीत पारध्यावर तितरचोरीची मिसल उभी राहिली तेव्हा माझा कागद पहिल्याच पानाला लावलेला होता. मुन्सफांनी मला जबानीला बोलावलं. आकडा कसा काढला, असं विचारल्यावर मी हरभऱ्याचं उदाहरण दिलं. मुन्सफांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. वकील माना डोलवत होते. मी तेव्हा बरं बोललो, हे मला आठवतं. माझ्या आवाजात कंप नव्हता.

"आकडा बरोबर आहे?"

"जी."

पारधी कमरेला दोर बांधून कोपऱ्यात उभा होता. त्याला वकील नव्हता. रिवाजाप्रमाणे मुन्सफांनी विचारलं, या साक्षीदाराला तुला काही विचारायचंय का. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. त्याला अजून वाटत होतं की मी सांगेन.

"मुन्शीजी, फासे गुंडाळताना मी तुमाला काय सांगितलं व्हतं, तेवडं सायबास्नी सांगा."

साहेब पुढच्या खुर्चीत बसले होते.

"आठवत नाही," मी म्हणालो.

मुन्सफांच्या पेशकारानं ते लिहून घेतलं. पारध्याला एक साल सख्त कैद झाली आणि पाल कुरणातून उठवायचा हुकूम निघाला.

चार-पाच दिवसांनी त्याची बायको माझ्या घरी आली. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, वर आली नाही. मला वाटलं रडेल, पाया पडेल. त्यासाठी मी काही वाक्यंसुद्धा तयार करून ठेवली होती. ती रडली नाही.

"मालक, एक इचारायचंय," ती म्हणाली. "नऊशे तितर आमी ठिवले कुटं? पालात आमी पाच मान्सं मावत न्हाईत."

तिनं रस्त्याकडे बोट केलं.

"खाल्ले म्हनावं, तर नऊशे तितर खाल्लेली लेकरं आशी दिसत्याती व्हय?"

लेकरं रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या बायकोनं आतून भाकरी आणि कोरड्यास आणून तिच्यापुढे ठेवलं. तिनं भाकरीला हात लावला नाही. उठली, पदर झटकला आणि गेली. माझी बायको मला म्हणाली, "ती खरं बोलत होती का?" मी तिला ओरडून गप्प केलं. आमच्या संसारात मी तिच्यावर पहिल्यांदा ओरडलो तो त्या दिवशी.

पुढच्या थंडीत माझी नेमणूक सिरसाळ्याकडच्या एका लहान कुरणावर झाली. तिथे मी कुणाच्याही हुकुमाशिवाय मोजणी केली. दुसऱ्या एका फासेवाल्याकडून चाळीस तितर धरवले आणि डिंकात कालवलेल्या चुन्याचा ठिपका त्यांच्या पाठीवर लावून सोडले. मग दोन तऱ्हांनी मोजलं. फासे लावून धरले तेव्हा विसांत जेमतेम एक ठिपक्याचा निघाला. मग फासे बाजूला ठेवले आणि नुसतं गवतातून चालत, उठतील तेवढी पाखरं डोळ्यांनी मोजली. तिथे पाचांत एक ठिपक्याचा दिसला. तेच कुरण, तेच तितर, तोच आठवडा. फाशानं चौपट आकडा दाखवला होता. बाराशेंना चारानं भागलं की तीनशे येतात. पारध्यानं बोटांवर मोजले होते तेवढेच.

हे सगळं मी दोन पानांत मांडलं, खाली त्या पारध्याचा उल्लेख केला आणि साहेबांसमोर नेऊन ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"तुम्ही बरोबर आहात," ते म्हणाले. "हे फार महत्त्वाचं आहे. यापुढे फाशानं धरायचे आणि डोळ्यांनी मोजायचे. मी वर कळवतो."

"हुजूर, आणि तो माणूस?"

"कोणता?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मी खोटं सांगणार नाही. त्यांनी माझे कागद टेबलावर ठेवून वर पेपरवेट ठेवलं. मग म्हणाले, "मिसल बंद हो चुकी, मुन्शीजी. त्यात तुमची जबानी आहे. ती आता बदलायची म्हणता?"

बदलायची तर मला अदालतीत उभं राहून सांगावं लागलं असतं की मला आठवत होतं. मी कागद उचलले आणि बाहेर आलो.

साहेबांनी वर कळवलं ते खरंच. नवी रीत सगळ्या महकम्यात गेली, तिच्यावर त्यांचं नाव होतं. मला बढती मिळाली आणि नव्या मुन्शींना तीच रीत शिकवायचं काम आलं. एकदा धरलेलं पाखरू फाशाला भितं, हे मी कैक मुन्शींना फळ्यावर आकृती काढून शिकवलं. हे कुणाला प्रथम कळलं, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

पारधी सुटल्याचं मला उशिरा कळलं. परळीच्या रस्त्यावर खडी फोडायला जातो, असं कुणीतरी सांगितलं. एका दौऱ्यात मी टांगा तिकडे वळवला. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून दगड फोडत होता. दाढी पांढरी झाली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी हातोडा थांबला नाही.

"ओळखलं का मला?"

"व्हय."

"तुमचं म्हणणं खरं निघालं. मी मोजून बघितलं." मी पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो. त्याच्या कपाळाला एक आठी पडली, जणू मी काही घाणेरडं बोललो. "तितर खरंच फासा टाळतात. मी तसं साहेबांना लिहून दिलं."

"काय लिवलं?"

"की एकदा सापडलेला तितर पुन्हा फाशाजवळ येत नाही."

"ते तर माज्या ल्हान पोरीला बी ठावं हाय."

पलीकडे त्याची बायको पाटीत खडी भरत होती. तिनं मला बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि लांबच्या ढिगाकडे चालायला लागली.

"मला ठावं व्हतं, मुन्शीजी," तो म्हणाला. आता हातोडा थांबला होता. "तुमाला बी ठावं व्हतं. अदालतीत तुमी माज्याकडं बघितलं तवाच कळलं मला. आता कावून आलाव?"

कावून आलो होतो? माफी मागायला, असं मी टांग्यात बसून ठरवलं होतं. पण तो शब्द तोंडाशी आला तेव्हा इतका हलका वाटला की मी तो गिळला. म्हणालो, "काही लागलं तर सांगा. आता मी हुद्द्यावर आहे."

"पुन्ना फासे लावायची परवानगी द्याल?"

नवीन कायद्यानं पारध्याला कुरणात पाय ठेवायला बंदी होती. त्या कायद्याचा मसुदा ज्या कागदांवरून झाला, त्यांत आमच्या कुरणाचा, माझ्या दस्तखताचा कागदही होता.

"ते माझ्या हातात नाही."

त्यानं मान हलवली, जणू बाजारभाव विचारला आणि पटला नाही. मग म्हणाला, "मुकादम बघतोय. सरका जरा, दगूड उडंल." आणि पुन्हा फोडायला लागला.

मी सरकलो. टांगेवाल्यानं हाक मारली म्हणून निघालो. सिरसाळ्याला उतरून जेवलो, तिसऱ्या प्रहरी कचेरीत आलो. दौऱ्याच्या कागदात जाण्याचं कारण लिहावं लागे. मी लिहिलं, कुरणाची पाहणी.